ससा, मासा आणि मालकी

खाऱ्या पाण्यातले मासे घरी पाळणाऱ्यांमध्ये ट्रिगरफिशबद्दल एक सल्ला ठरलेला आहे: एक टाकी, एक ट्रिगर. सोबत दुसरं काही ठेवू नका. खेकडा ठेवलात तर खाईल. शंख ठेवलात तर फोडून खाईल. दुसरा मासा ठेवलात तर काही महिने गुण्यागोविंदाने नांदेल आणि एका सकाळी त्या दुसऱ्याचे पर कुरतडलेले दिसतील. यातल्या काही जाती मवाळ असतात, काही मासे जन्मभर कुणाला त्रास देत नाहीत, पण सल्ला देणारा माणूस सरासरीवर बोलतो. म्हणजे हा मासा पाळायचा तर त्याला जन्मभर एकटं ठेवायचं, हे आधीच ठरून जातं. आणि हा जन्म दहा-पंधरा वर्षांचा असू शकतो.

मला विचारायचं आहे ते एवढंच: जो प्राणी आपल्याला दूध देत नाही, घराची राखण करत नाही, जो आपल्याकडे स्वतःहून आलेला नाही आणि ज्याला आता परत सोडताही येत नाही, त्याचे आपण कोण लागतो? मालक म्हणावं, पालक म्हणावं, की सरळ पहारेकरी?

प्रश्न हवेतला नाही. पुण्यात वाकडला, चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, असा एक मासा माझ्याकडे आहे. तो मी विकत घेतला नाही. माझा फ्लॅटमेट नोकरीसाठी जर्मनीला गेला. टाकी, पंप, मिठाची अर्धी बादली आणि मासा मागे राहिला. दुकानदार निम्म्या किमतीत मासा परत घ्यायला तयार होता. पुढे तो कुणाला विकला जाईल, हे अर्थातच दुकानदार सांगू शकत नव्हता. मी ठेवून घेतला. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील.

आधी माशाची ओळख करून देतो. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. या माशाच्या पाठीवर एक जाड काटा असतो आणि त्याच्या मागे एक लहान काटा. मोठा काटा उभा राहिला की लहान काटा त्याच्या मुळाशी खिळीसारखा बसतो. मग मोठ्या काट्यावर कितीही जोर लावा, तो पडत नाही. मागचा काटा दाबला की मात्र पुढचा पटकन मिटतो. संकट आलं किंवा रात्र झाली की मासा खडकाच्या फटीत शिरतो, काटा उभा करतो आणि स्वतःला तिथे अडकवून घेतो. मग त्याला ओढून काढणं मोठ्या माशालाही जमत नाही. माझ्याकडचा रोज रात्री हे करतो. वाकडच्या चौथ्या मजल्यावर त्याला खाणारं कुणी नाही, पण रात्री दिवा बंद झाला की तो सिरॅमिकच्या खडकात शिरतो आणि कडी लावून घेतो.

त्याची जात बाजारात 'पिकासो' म्हणून विकली जाते. अंगावर पिवळे, निळे, काळे पट्टे असे काही ओढलेले असतात की हे नाव कुणीतरी देणारच होतं. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांच्या उथळ पाण्यात हा राहतो आणि ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. डोळे डोक्यावर पार मागे, आणि दोन्ही स्वतंत्रपणे फिरतात. एक डोळा माझ्यावर आणि एक अन्नाच्या डबीवर, असं तो खरोखर करतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात याच जातीच्या माशांवर रंगदृष्टीचे प्रयोग झाले आहेत. माणसांची रंगांधळेपणाची चाचणी घेताना ठिपक्यांच्या गर्दीत वेगळ्या रंगाचा आकडा ओळखायला सांगतात ना, तशी चाचणी या माशांसाठी केली. वेगळ्या रंगाच्या ठिपक्यावर टोच मारली की खाऊ. मासे शिकले. त्याच्याही कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, हान्स फ्रिके नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने लाल समुद्रात ट्रिगरच्या एका भावकीचा अभ्यास केला होता. लांब काट्यांची समुद्री साळ खायची तर तिचं पोट उघडं पडायला हवं. मासे तोंडाने पाण्याची पिचकारी मारून तिला उलटवत. आणि सगळे एकाच पद्धतीने करत नसत. कुणी फुंकून, कुणी काटा धरून वर उचलून खाली सोडून. प्रत्येकाची आपली रीत.

पिचकारी माझ्याकडचाही मारतो. मी टाकीचं झाकण उघडलं की वर येऊन माझ्या शर्टावर पाणी उडवतो. पाहुण्यांना गंमत वाटते. ही गंमत आहे, मागणी आहे, की उलटवायला साळ नसल्यामुळे समोर जे आहे त्यालाच उलटवून पाहणं आहे, मला कळत नाही. आणि माझ्या मते सगळा नैतिक पेच या न कळण्यातच आहे.

माशांना वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. लिन स्नेडन यांनी २००३ साली ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचून दाखवलं की ते ओठ तळाच्या खड्यांवर घासतात, खाणं सोडतात, आणि वेदनाशामक दिलं की हे कमी होतं. उलट ब्रायन की यांनी २०१६ साली जोरात मांडलं की माशांच्या मेंदूत वेदना जाणवण्यासाठी लागणारी रचनाच नाही. आपण पाहतो ती नुसती प्रतिक्रिया. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि माझा कल पहिल्या बाजूला आहे. पण कल दुसऱ्या बाजूला असता तरी फार फरक पडला नसता. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी गोष्ट चालते की नाही याची खात्री नसेल तेव्हा दोन्हीकडच्या चुकीची किंमत विचारतो. माशाला काही वाटत नसताना मी काळजी घेतली, तर माझे थोडे पैसे आणि रविवार गेले. त्याला वाटत असताना मी घेतली नाही, तर? हा हिशेब अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं: काळजी घेतली म्हणजे नेमकं काय केलं?

माझ्या पेशाची एक खोड इथे आडवी येते. टाकीत तापमानाचा सेन्सर आहे, क्षारतेची मोजणी आहे, पंपाची वीज गेली की फोनवर सूचना येते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षारता हजारी ३५, तापमान २६ अंश. सगळे आकडे हिरवे. ऑफिसात सर्व्हरचे आकडे हिरवे असले की आम्ही घरी जातो. पण सर्व्हरला 'चालू असणं' यापलीकडे काही हवं नसतं. माशाचे सगळे आकडे हिरवे असताना तो काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासभर येरझारा घालतो, तेव्हा कुठलाच सेन्सर वाजत नाही. बिघाड नसणं आणि बरं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्याकडची सगळी यंत्रं फक्त पहिली मोजतात.

मी मूळचा रिद्धपूरचा. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. बाहेरच्यांना आता हे गाव मराठी भाषा विद्यापीठामुळे ऐकून माहीत झालंय. महानुभावांसाठी ते शतकानुशतकं परमेश्वरपूर आहे. गोविंदप्रभूंचं गाव, आणि म्हाइंभटांनी जिथे 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते गाव. माझी आजी उपदेशी आहे. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही, आणि आता त्या घरातला पोरगा रविवारी सकाळी कोळंबी आणि तिसऱ्या घ्यायला पुण्याच्या मासळीबाजारात जातो. ट्रिगरचे दात सतत वाढत राहतात. कवच फोडायला मिळालं नाही तर ते नको इतके वाढतात. म्हणून शिंपल्यासकट तिसऱ्या द्याव्या लागतात.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा फोनवर मासा दाखवला. आजीने बराच वेळ पाहिला. रंग आवडले तिला. मग विचारलं, "खाते काय थे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे एकाले पोसाले रोज चार-पाच मारतं तू?"

मी म्हणालो, आजी, समुद्रात असता तरी त्याने मारूनच खाल्लं असतं.

"मंग थ्याचं थो पायते ना. तू काहून मंधात?"

यावर माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. मांसाहारी प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आहे, मांजरवाल्यांनाही. पण मांजर निदान घरात उंदीर मारून आपल्या हिशेबाचं काही स्वतःच्या नावावर घेतं. समुद्रात या माशाने मारलेल्या खेकड्यांचा हिशेब कुणाकडे नाही, कारण तिथे हिशेब ठेवणारं कुणी नाही. इथे तो माझ्या फोनमध्ये आहे, यूपीआयच्या यादीत, दर रविवारी. मी मध्ये उभा राहिलो आणि निसर्गातली एक घटना माझी कृती झाली. आजीला नीतिशास्त्र हा शब्द माहीत नाही. 'काहून मंधात' एवढंच तिने विचारलं, आणि मी वाचलेल्या लेखांपेक्षा ते जास्त नेमकं होतं.

रिद्धपुरात वाढलेल्या मुलाला सशाची लीळा कुणी शिकवावी लागत नाही. शिकारी एका सशाच्या मागे लागलेले असतात. ससा धावत येऊन चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. शिकारी येतात आणि ससा मागतात. त्यांची त्या सशावर पैज लागलेली आहे. त्यांच्या दृष्टीने ससा त्यांचाच. स्वामी देत नाहीत, कारण तो शरण आला आहे. शिकाऱ्यांशी बोलतात, गवत खाऊन रानात राहणाऱ्या जिवाला का मारता असं विचारतात, आणि शेवटी शिकारी निघून जातात. लहानपणी मला यातला नाट्यमय भाग आवडायचा, शिकारी आणि कुत्रे. आता शेवटचा तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. शिकारी गेल्यावर स्वामी मांडी उचलतात आणि ससा रानात जातो. त्याला कुणी पिंजऱ्यात ठेवत नाही, चारा घालत नाही, मठात पाळत नाही. वाचवलं म्हणून तो वाचवणाऱ्याचा होत नाही.

माझ्या माशाशी ही गोष्ट ताडून पाहिली की तीन ठिकाणी ती जुळत नाही. ससा स्वतः आला. मासा कुणीतरी प्रवाळातून जाळ्याने उचलून आणला. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यांत, हौदांत पैदा केलेले असतात. समुद्री शोभेच्या माशांच्या बहुसंख्य जाती मात्र अजून समुद्रातूनच धरून आणतात. क्लाउनफिशसारख्या काहींची पैदास जमली आहे, ट्रिगरच्या बाबतीत ती अपवादानेच होते. फिलिपीन्स, इंडोनेशियाच्या समुद्रात सायनाइडची पिचकारी मारून मासे गुंगवून धरण्याची पद्धत कित्येक दशकं चालली. माझ्याकडचा कसा धरला, कुठून आला, याचा कागद कुणाकडेच नाही. हे पहिलं. दुसरं, सशाला जायला रान होतं. माझ्या माशाला सोडायला समुद्र आहे, पण सोडता येत नाही. मुंबईच्या किनाऱ्याचं गढूळ पाणी त्याचं नाही, आणि टाकीत राहिलेल्या माशाने सोबत कुठले रोग नेले हे कळायला मार्ग नसतो. सोडणं हे माझ्या मनाचं समाधान ठरेल. माशाचं मरण आणि समुद्राचा धोका. तिसरं, मांडीखालच्या सशाला थोडा वेळच राहायचं होतं. त्याचा एकांत काही मिनिटांचा. याचा दहा वर्षांचा.

म्हणजे हा शरण आलेला नाही. पण मी पैसे मोजले नाहीत म्हणून तो 'माझा' नाही असं म्हणून सुटताही येत नाही. शिकाऱ्यांचा दावा होता: आम्ही मागे लागलो, म्हणून आमचा. दुकानदाराचा दावा: मी पैसे दिले, म्हणून माझा. माझा दावा काय? मी दार लावून घेतलं, एवढाच. दुकानात परत दिला असता तर माझ्यापुरता प्रश्न मिटला असता, माशापुरता नाही.

कायद्याकडे पाहावं तर कायदा जवळजवळ गप्प आहे. २०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यटाक्यांबाबत नियम काढले होते. शोभेच्या दीडशेवर जातींवर बंदी होती त्यात. विक्रेत्यांनी ओरड केली आणि नियम मागे गेले. उलट प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. म्हणजे मी टाकीत खरा प्रवाळ ठेवला असता तर गुन्हा, पण त्या प्रवाळावर जगणारा मासा ठेवला तर छंद. माझे खडक म्हणूनच सिरॅमिकचे आहेत.

आता मामाचा आक्षेप. तो वेगळ्या दिशेने आला आणि मला जास्त लागला.

माझा मामा दर्यापूर तालुक्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाणपट्टा, त्यातलं त्याचं गाव. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. त्याने शेत भिजवलं तर जमीन बिघडते, प्यायलं तर माणूस. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या भागात जुनी आहे. गावात एखाद्याला डायलिसिसवर ठेवलं म्हटलं की कुणी दचकत नाही. प्यायला शहानूर धरणाचं पाणी येतं तेव्हा येतं, नाही तर विकतचा कॅन. मामाने घरी आरओ बसवलंय. मी त्याला माझ्या टाकीचं सांगत होतो. नळाच्या पाण्यातले क्षार, क्लोरीन माशाला चालत नाही, म्हणून आधी आरओतून पाणी काढायचं आणि मग त्या शुद्ध पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम खास समुद्री मीठ मिसळायचं. मामा ऐकत होता. मग म्हणाला, "आमी पान्यातलं मीठ काहाडाले पैसे देतो, अन् तू टाकाले देतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या रेल्वेत हिशेब मांडला. आठवड्याला ४० लिटर पाणी बदलतो. माझं आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतं, म्हणजे १२० लिटर. ते मी फरशी पुसायला आणि संडासात वापरतो, पण सगळं संपत नाही. मीठ आठवड्याला १.४ किलो, वर्षाला ७० किलोच्या वर. पंप, दिवे, पाणी थंड ठेवणारा चिलर मिळून उन्हाळ्यात महिन्याला ११० युनिटच्या आसपास वीज. हिवाळ्यात आमच्या रिद्धपूरच्या अख्ख्या घराचं बिल याहून कमी येतं. आमच्या मोर्शी-वरूड भागात पाणी गोडं आहे, पण संत्र्याच्या बागांसाठी उपसून उपसून ते इतकं खोल गेलंय की तिथेही पाण्याबद्दल थट्टेने बोलत नाहीत.

या हिशेबावर एक सरधोपट उत्तर असतं: माझ्या ४० लिटरने दर्यापूरला थेंबभरही पाणी जास्त मिळणार नाही. खरं आहे. पुण्यातला नळ आणि मामाची विहीर यांना जोडणारी पाइपलाइन नाही. पण मामा पाणी मागत नव्हता. त्याचा प्रश्न असा होता की ज्या गोष्टीने माझं आयुष्य कडू केलंय, तिची तुला हौस कशी? याला परिणामांचा हिशेब पुरत नाही. काही गोष्टी कुणाचं नुकसान न करताही अशोभनीय असतात. दुष्काळी गावातून जाताना गाडीच्या खिडकीतून चूळ भरून टाकण्यासारख्या. माझी टाकी तशी आहे का? मी स्वतःला विचारून पाहिलं. हौस म्हणून असती तर हो, असं माझं उत्तर आहे. आता ती हौस नाही. तिच्यात एक जीव अडकलेला आहे, आणि जिवासाठी खर्च केलेलं पाणी आणि देखाव्यासाठी खर्च केलेलं पाणी यात मी फरक करतो. मामाला हा फरक पटेल की नाही सांगता येत नाही. त्याच्या गोठ्यात म्हातारा बैल आहे. तो काही कामाचा नाही आणि विकतचं पाणी पितो. कदाचित पटेल.

आणि इथे दुसऱ्या टोकाचा आक्षेप येतो, माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचा. तो मालवणकडचा आहे, मासे खाऊन वाढलेला, आणि माझी घालमेल त्याला शहरी चोचले वाटते. त्याचं म्हणणं असं: पश्चिम किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत ट्रिगरचीच एक काळपट, लाल दातांची जात जाळ्यात ढिगाने येऊ लागली आहे. तिला बाजारात फार मागणी नाही, म्हणून बरीचशी फिशमीलच्या कारखान्यात जाते. पीठ करून कोंबड्यांना आणि शेतीतल्या माशांना खायला. हीच जात मत्स्यालयाच्या दुकानात 'नायजर ट्रिगर' म्हणून हजारोंना विकली जाते. "टनांनी मरतायत, आणि तू एकासाठी थर्मामीटर घेऊन बसलायस!"

आकड्यांच्या भाषेत त्याचं बरोबर आहे. मी टाकी बंद करून तो पैसा जाळ्यांची भोकं मोठी करण्यासाठी झटणाऱ्या कुणाला दिला तर जास्त मासे वाचतील, हेही बरोबर असेल. तरी मला वाटतं यात एक गफलत आहे. कर्तव्य नेहमी संख्येतून निघत नाही. पुष्कळदा ते नात्यातून निघतं, आणि नातं कधी कधी अपघाताने जुळतं. रस्त्यात पडलेल्या माणसाला मी उचलतो तेव्हा इतर रस्त्यांवर किती पडलेत हे विचारत नाही. पण या उत्तरावरही मी पूर्ण खूश नाही. हा मासा इतका देखणा नसता, त्याने मला ओळखून काचेजवळ येणं शिकलं नसतं, तर मी त्याला दुकानात परत दिला असता का? प्रामाणिकपणे, कदाचित. फिशमीलच्या ढिगातल्या माशांना ना नाव आहे ना त्यांचे डोळे कुणावर फिरतात. म्हणजे माझं नातं काही अंशी माशाच्या रूपाने विकत घेतलेलं आहे. दुकानदार पैशाने घेतो, मी भुलून. यात माझी उंची फार वर नाही.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. २०१५ साली नूतनीकरण होऊन ते उघडलं तेव्हा परदेशी माशांत ट्रिगरही होते. सार्वजनिक मत्स्यालयाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एक मासा लाखो मुलांना समुद्र दाखवतो. असेल. माझा मासा मला आणि डिलिव्हरीवाल्यांना दिसतो. त्यामुळे शिक्षणाचा मुद्दा माझ्या कामाचा नाही आणि मी तो वापरणार नाही.

मला माझ्या कामाची वाटली ती वेगळीच जुनी संस्था. १८३२ साली इंग्रज सरकारच्या भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून मुंबईत दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पारशी आणि जैन शेटजींच्या पैशातून. पांजरापोळ ही कल्पना मला विचार करण्याजोगी वाटते. तिथला प्राणी कुणाच्या उपयोगाचा नसतो. तो शरण आलेला नसतो, कुणी तरी आणून सोडलेला असतो. त्याला परत पाठवायला जागा नसते. आणि त्याला ठेवणारा त्याचा मालकही नसतो, कारण तो त्याला विकू शकत नाही, जुंपू शकत नाही, त्याची पिलं मोजू शकत नाही. मरेपर्यंत दाणापाणी, एवढाच करार, आणि तोही एकाच बाजूने केलेला. सशाच्या लीळेत जो मोकळेपणा आहे तो इथे नाही. पण ज्याची मोकळेपणाची वाट कुणीतरी आधीच बुजवून टाकली आहे, त्याच्याशी प्रामाणिकपणे राहायचा हा एक मार्ग आहे. यातून निदान काही गोष्टी ठरतात. मी त्याला विकणार नाही. तो गेल्यावर टाकीत दुसरा आणणार नाही. त्याचे फोटो टाकून कुणाला हौस लावणार नाही. त्याबद्दल लिहितोय तेही फोटोशिवाय. आणि टाकी त्याच्या मापाची हवी, माझ्या खोलीच्या मापाची नव्हे.

शेवटच्या कलमाने सध्या मला घाम फोडलाय. आला तेव्हा बोटाएवढा असलेला मासा आता वीतभर होत आलाय. आताची टाकी चार फुटांची आहे; पूर्ण वाढलेल्या पिकासोला किमान सहा फुटी हवी. सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे पाण्याचंच वजन साडेसहाशे किलोंवर, वर काच, खडक, स्टँड. घरमालकांनी चौथ्या मजल्यावर एवढं वजन ठेवायला साफ नकार दिला, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. मला आता आठवड्यातले दोनच दिवस ऑफिसात जावं लागतं, आणि तेही बंद करून घरून काम करता येईल असं मॅनेजर म्हणाला आहे. तेव्हा रिद्धपूरच्या घराचा विचार चालू आहे. समुद्रापासून सहाशे-सातशे किलोमीटरवर, ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात, जिथे दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो. इन्व्हर्टर, बॅटरीवरचा हवेचा पंप, आणि जाड भिंतीची गार खोली, एवढं तर लागेलच. इतक्या लांबच्या प्रवासाने त्याचं काय होईल ते वेगळंच.

बाबांनी फोनवर फारसे प्रश्न विचारले नाहीत. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीची मापं पाठवली, पूर्वी कापूस ठेवायचे ती. सोबत एक शंका: संत्र्याला फवारा मारला की वास त्या खोलीत येतो, ते मासोळीले चालन का? चालणार नाही. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. बागेकडे खिडकी नसलेली घरात एकच खोली आहे, पूर्वेची, जाड मातीच्या भिंतींची, उन्हाळ्यात सगळ्यात गार. तिथे आजीची खाट आहे. तिला अजून कुणी विचारलेलं नाही.